हाडकुळ्या अंगातली चरबी

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९० च्या दशकाच्या मध्यावर जन्मलेली मुलं अठरा वर्षांची झाली, तेव्हा पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने त्यांची पुन्हा एकदा तपासणी केली. सहाशेच्या वर मुलं-मुली, बहुतेक शेतकरी घरांतली. त्यातल्या ४८ टक्के जणांचं वजन उंचीच्या मानाने कमी भरलं, बीएमआय १८.५ च्या खाली. गावाकडची आजी यांना बघून ‘नुसता हाडांचा सापळा झालाय पोराचा’ म्हणाली असती. याच मुलांना ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं, तर मुलग्यांत ३७ टक्के आणि मुलींत १८ टक्के जणांची साखर निरोगी मर्यादेच्या वर निघाली. काहींना मधुमेहच, बाकीच्यांना त्याची पूर्वपायरी.

मधुमेह म्हणजे सुटलेलं पोट, बैठं काम आणि पंगतीतला तिसरा गुलाबजाम, असं ज्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय त्यांच्या पचनी हे आकडे सहज पडायचे नाहीत. मुलांच्या तब्येतीचा आपला सगळा हिशेब एका वजनावर चालतो. अंगणवाडीत वजन, बालरोगतज्ज्ञांकडे वजन, शाळेच्या आरोग्यपत्रकावर वजन. ते कमी भरलं की खायला घाला, जास्त भरलं की भात तोडा. पण त्या किलोंमध्ये हाड किती, स्नायू किती आणि चरबी किती, हे काटा सांगत नाही. आपल्या मुलांच्या बाबतीत नेमकी मेख तिथेच आहे.

या मुलांची गोष्ट त्यांच्या जन्माच्याही आधी सुरू होते. जून १९९३ मध्ये याच विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केली. सोबत इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल होते. मोठेपणीच्या हृदयविकाराची आणि मधुमेहाची मुळं आईच्या पोटात असतानाच्या पोषणात आहेत, हे बार्कर यांचं म्हणणं तेव्हा बऱ्याच डॉक्टरांना पटत नव्हतं. पुण्यातल्या अभ्यासाचं वेगळेपण असं की, बायका गरोदर राहण्याआधीपासूनच त्यांच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. क्षेत्रकार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख विचारून येत. या बायकांचं सरासरी वजन होतं ४२ किलो, उंची पाच फुटांच्या आसपास.

बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत त्याची मापं घ्यायची. वजन, लांबी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, दंडाचा घेर. त्यानंतर कॅलिपर नावाचा चिमटा पुढे यायचा. त्याला स्प्रिंग असते आणि घड्याळासारखी तबकडी. बाळाला जरा कुशीवर करून खवाट्याखालची कातडी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत हलकेच उचलायची, चिमट्याचे दोन जबडे तिला लावायचे, काटा स्थिरावला की मिलिमीटरच्या अंशापर्यंत आकडा वाचायचा. नवजात बाळाची कातडी अगदी पातळ असते, त्यामुळे चिमटीत जी जाडी येते ती बहुतेक तिच्याखालच्या चरबीची.

ही मापं साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. तिकडचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, इकडचं दोन किलो सातशे ग्रॅमचं. पुण्याचं बाळ सगळ्याच मापांत लहान असणार हे उघड होतं. पण ते सगळीकडे सारखं लहान नव्हतं. सर्वांत मोठी तूट पोटाच्या घेरात होती, म्हणजे यकृतासारखे आतले अवयव जिथे असतात तिथे. त्याखालोखाल दंडात, म्हणजे स्नायूंत. आणि सर्वांत कमी तूट होती पाठीवरच्या त्या चिमटीत. वाढीला पुरेसं मिळालं नाही तेव्हा बाळाने अवयव आणि स्नायू यांच्यात काटकसर केली, पण चरबी राखून ठेवली. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘थिन-फॅट’ हा शब्द वैद्यकाच्या वाङ्मयात रुजला. दिसायला बारीक, आतून चरबीचं.

पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय अगदी दशांशापर्यंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. फोटोखालच्या मजकुरात दोघांनी स्वतःचीच थट्टा केली होती: युडकिन मॅरेथॉन धावतात, याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं. जन्माच्या वेळी आपलं वजन कमी होतं, हेही याज्ञिक यांनी तिथे नमूद केलं. गंमत सोडली तर या विषयातले दोन्ही धागे त्या एका फोटोत आहेत: आईच्या पोटातून काय घेऊन आलो, आणि त्यानंतर अंग किती हलवलं.

*

स्नायू कमी म्हणजे फक्त ताकद कमी, अशी आपली समजूत असते. पण जेवणानंतर रक्तात उतरलेली साखर ठेवायला शरीराचं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. कोठारच लहान असेल तर साखर रक्तात घोटाळत राहते. तिला आत ढकलायला स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. पोटातल्या अवयवांभोवतीची आणि यकृतातली चरबी वाढत गेली की शरीर त्या इन्सुलिनलाही दाद देईनासं होतं. सहा खेड्यांतल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती: इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचीच कुवत मुळात कमी होती, आणि उपाशीपोटीची साखर त्यांच्यातल्या काहींत लहानपणापासूनच चढी होती.

मग पोटात असताना नेमकं काय कमी पडलं? आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी या आयांच्या ताटाचा बारकाईने हिशेब केला. दिवसाला साधारण पावणेदोन हजार कॅलरी आणि पंचेचाळीस ग्रॅम प्रथिनं. अपेक्षा अशी की जिने जास्त खाल्लं तिचं बाळ मोठं. तसं निघालं नाही. बाळाच्या आकारमानाशी कॅलरींचा फारसा संबंध दिसला नाही. दिसला तो पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाण्यात आलं त्याच्याशी. भाकरी सगळ्याच खात होत्या. मेथी, चाकवत, राजगिरा ज्यांच्या ताटात वरचेवर होते त्यांची बाळं उजवी. याच गावांतल्या दुसऱ्या पाहणीत दिसलं की पाणी भरणं, शेतातली कामं, धुणं यांचा भार ज्या बाईवर जास्त, तिचं बाळ लहान. बहुतेक बायकांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या अंगातली चरबी डेक्सा या क्ष-किरण यंत्रावर मोजली आणि रक्तही तपासलं, त्यात इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी मुलं निघाली ती ज्यांच्या आईच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं त्यांची.

इथे मला एक विसंगती राहून राहून खटकते. या देशात गरोदर बाईला नको तितके कष्ट आहेत, आणि तिला झालेल्या मुलाला हवी तितकी हालचाल नाही. आईच्या डोक्यावर हंडा, मुलाच्या हातात मोबाइल. एकाच घरात, एकाच पिढीच्या अंतराने.

*

बाळ जन्मलं की खायला घालायचा सोहळा सुरू होतो. त्याचा शरीराच्या घडणीशी काय संबंध, हेही पुण्यातच तपासलं गेलं. १९८७ ते ८९ च्या दरम्यान केईएममध्ये जन्मलेल्या मुलांची आठव्या वर्षी तपासणी झाली, ४७७ मुलं. जन्माच्या वेळी लहान आणि आठव्या वर्षी मोठी, अशा मुलांत इन्सुलिनचा बिघाड सर्वांत जास्त होता. नुसतं जन्मतः लहान असणं किंवा नुसतं पुढे मोठं असणं इतकं वाईट नव्हतं. तोल बिघडवते ती उडी.

ही उडी घरोघरी प्रेमापोटीच घातली जाते. बाळाच्या शरीरात जन्मताना आठवा-सातवा हिस्सा चरबी असते, सहा महिन्यांचं होईतो ती जवळपास चौथाईवर जाते. मांड्यांना वळ्या, हाताला मनगटाशी दोरा बांधल्यासारखी घडी. हे अगदी योग्य आहे, मेंदूच्या वाढीचा तो काळ आहे. पहिल्या वाढदिवसानंतर मूल चालायला लागतं, उंच होतं आणि बारीक दिसू लागतं. पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत बीएमआय खाली उतरत जाणं हाच निसर्गक्रम आहे. त्यानंतर तो पुन्हा वर वळतो. हे वळण जितकं लवकर येईल तितकी पुढे लठ्ठपणाची शक्यता जास्त, हे फ्रान्समधल्या संशोधनातून १९८४ सालीच मांडलं गेलं होतं.

आणि आपल्याकडे घबराट उडते ती नेमकी याच वयात. चार वर्षांच्या पोराच्या बरगड्या दिसायला लागल्या की आजी, आत्या, शेजारच्या काकू सगळ्यांची एकच तक्रार: अंगाला काही लागत नाही. मग सकाळी चहात बुडवून बिस्किटं, दुपारी झोपेतून उठल्यावर पुन्हा बिस्किटं, दुधात चॉकलेटी पावडर. त्या पावडरीत साखर बरीच असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या सदरातून काढायला सांगितली तेव्हा कुठे काही घरांत डब्यावरची बारीक अक्षरं वाचली गेली. हे सगळं खाऊन मुलाचं वजन वाढतंही, घरचे खूश होतात. पण स्नायू बनायला लागणारं त्यात जवळजवळ काहीच नसतं. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला २३ ग्रॅम प्रथिनं लागतात असं आयसीएमआर सांगते. हा आकडा मुळीच अवघड नाही: एक अंडं, पेलाभर दूध, घट्ट वरण किंवा उसळीची वाटी, पोळ्या, आणि मूठभर शेंगदाणे. अवघड होतं ते बिस्किटांनी भूक मारून टाकल्यावर.

शहरातलं मूल पिझ्झा खातं आणि गावातलं मूल भाकरी, ही विभागणीही आता उरलेली नाही. पाच रुपयांचा पुडा पोचला नाही असं गाव दाखवा. शाळेच्या रस्त्यावरच्या टपरीत माळेसारखे लटकणारे ते चकचकीत पुडे सगळ्यांना परवडतात. केळं त्याहून महाग पडतं आणि टिकत नाही. २०१६ ते १८ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. त्याच सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयोगटात वजन जास्त असणारे अवघे ५ टक्के होते, पण मधुमेहाच्या पूर्वपायरीवर १० टक्के. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांतही तितकेच, आणि त्यांच्यातल्या तिघांमागे एकाच्या रक्तात ट्रायग्लिसराइड चढलेलं. सहा खेड्यांनी जे दाखवलं होतं तेच देशभर पसरलेलं दिसतं.

*

आता व्यायामाकडे. ‘मुलं खेळत नाहीत म्हणून लठ्ठ होतात’ हे वाक्य इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याची कुणी उलटतपासणी करत नाही. इक्वेडोरच्या ॲमेझॉन जंगलात शुआर जमातीची मुलं शिकार, मासेमारी, मळ्यातलं काम यांत वाढतात. संशोधकांनी ती दिवसभरात किती ऊर्जा खर्च करतात ते मोजलं. औद्योगिक देशांतल्या मुलांपेक्षा ती सुमारे पाव पटीने जास्त हलतात, पण दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च मात्र दोघांचा सारखाच निघाला. शरीर एकीकडे खर्च वाढला की दुसरीकडे हात आखडतं. २०१९ चा हा अभ्यास. पुढे शहराजवळ राहायला आलेल्या शुआर मुलांच्या अंगावर चरबी चढलेली दिसली, तेव्हाही ऊर्जाखर्च घटल्याचं आढळलं नाही. म्हणजे चरबी किती साठणार याचा मोठा निकाल ताटातच लागतो. तासभर पोहून आलेल्या मुलाला बक्षीस म्हणून वडापाव आणि कोल्ड्रिंक देणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

मग खेळाचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि मोठा आहे. फक्त तो काट्यावर शोधायचा नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा इथे सात ते अकरा वर्षांच्या २२२ वजनदार मुलांवर एक प्रयोग झाला. शाळा सुटल्यावर काहींना रोज वीस मिनिटं, काहींना चाळीस मिनिटं धावपळीचे खेळ, आठवड्यातून पाच दिवस, सुमारे तेरा आठवडे. खाण्यावर काही बंधन नव्हतं. पोटातली, अवयवांभोवतीची चरबी घटली आणि इन्सुलिनला शरीर पुन्हा दाद देऊ लागलं. चाळीस मिनिटंवाल्यांत जास्त, वीसवाल्यांतही दिसण्याइतकं. २०१२ मध्ये हे ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं. स्नायू वापरला की तो इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर उचलतो, आणि हा परिणाम खेळून घरी आल्यावरही काही तास टिकतो. जन्मतःच ज्यांचं कोठार लहान, त्यांच्यासाठी म्हणून खेळ जास्त मोलाचा. इंग्लंडच्या मुलाला तो चांगला, आपल्या मुलाला तो लागतोच.

हाडांची कथा आणखी रोचक. मोठेपणी अंगात जेवढं हाड असतं त्यातलं चौथाईच्या आसपास वयात येतानाच्या फक्त दोन वर्षांत भरलं जातं. ती दोन वर्षं गेली की तशी भरती पुन्हा येत नाही. हाड घट्ट होतं ते धक्क्याने. ओरेगनमध्ये वयात न आलेल्या मुलांना आठवड्यातून तीनदा दोन फुटी खोक्यांवरून शंभर उड्या मारायला लावल्या. सात महिन्यांत खुब्याच्या आणि कण्याच्या हाडात नियंत्रण गटापेक्षा स्पष्ट भर पडली. हे वाचल्यावर मला लंगडी आठवली. एका पायावर तोल सावरत, दिशा बदलत, गडी बाद करत धावायचं. मांडीचे स्नायू, घोटा, खुबा, दम, सगळ्याला एकदम काम. खो-खोत बसणं-उठणं-झेपावणं, आट्यापाट्यांत अंग चोरून निसटणं, दोरीवरच्या उड्या. शास्त्रज्ञांनी खोके मांडून जे मिळवलं ते आपल्या गल्लीत चुन्याच्या चार रेघांत होत होतं. जुन्या खेळांचं कौतुक करत बसायची मला हौस नाही. विटीदांडूने पुष्कळांचे डोळे फोडलेत. पण लंगडीला साहित्य लागत नाही, मोठं मैदान लागत नाही आणि मुलगी-मुलगा दोघांना येते, हा हिशेबाचा मुद्दा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं पाच ते सतरा वयासाठी रोज सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू-हाडांना ताण देणारी. आता आपल्या शाळेचं वेळापत्रक काढा. पीटीचे तास आठवड्याला दोन किंवा तीन. परीक्षा जवळ आली की त्यातला एक गणिताच्या बाई मागून घेतात. उरलेल्या तासात पंधरा मिनिटं रांगा, दहा मिनिटं कवायत, आणि क्रिकेटची बॅट ज्या चौघांच्या हातात पडते ती चौघं सोडून बाकी क्षेत्ररक्षण करत उभी. साधारण सातवीपासून मुली कडेला बसायला लागतात. गणवेशाचा स्कर्ट, पाळी, स्वच्छतागृहाची दैना, आणि कुणीतरी केलेली टिंगल. हाडं भरायची ती दोन वर्षं त्यांच्या बाबतीत नेमकी याच काळात येतात.

*

सरकारी योजनांत वर्षानुवर्षं कॅलरी मोजल्या गेल्या. शाळेच्या पोषण आहारात प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, उच्च प्राथमिकला ७०० आणि २०. कागदावर प्रथिनं आहेत, पण ती तांदूळ आणि डाळीतून यायची, आणि डाळ किती घट्ट हे त्या दिवशीच्या पातेल्यावर अवलंबून. म्हणून अंड्याचं महत्त्व. एका अंड्यात सहा ग्रॅम उत्तम प्रथिनं, शिवाय बी-१२, ज्याची आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या वानवा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला. लोकवर्गणीतून जमलं तर द्या, असं शाळांना कळवलं गेलं. लोकवर्गणी जमते ती बरी चालणाऱ्या गावांत. जिथे मुलांना अंड्याची सर्वांत जास्त गरज, तिथे ती जमणार नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत अंडी दिली जातात, ती चालू राहोत.

दुसऱ्या टोकाला, शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांत जास्त चरबी-साखर-मिठाचे पदार्थ विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्येच बंदी घातली आहे. मे २०२५ मध्ये सीबीएसईने शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं: कुठल्या पेयात किती साखर याचा फलक. फलक चांगला आहे. टपरी मात्र फाटकापासून वीस पावलांवर, जिथल्या तिथे आहे.

घरी करता येण्यासारखी तपासणी दोन गोष्टींची. मुलाच्या उंचीएवढी सुतळी कापा, तिची निम्म्यावर घडी घाला आणि बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती धरा. टोकं जुळली नाहीत तर वजन काहीही असो, पोटाकडे लक्ष द्यायला हवं. दुसरी गोष्ट मानेची. मानेच्या मागे, काखेत कातडी काळी आणि जराशी जाड, मखमलीसारखी झाली असेल तर ती बहुतेक वेळा वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते. पुष्कळ आया तो मळ समजून दर रविवारी बेसन लावून, दगडाने घासून काढायला बघतात आणि मूल रडतं. तो निघत नाही. तो घेऊन डॉक्टरांकडे जायचं असतं. आणि तिथे गेल्यावर भारतीय बालरोग अकादमीचा २०१५ चा वाढीचा तक्ता मागायचा. त्यात वजनाच्या धोक्याची रेघ प्रौढांच्या २५ ऐवजी २३ च्या बीएमआयशी जोडून आखली आहे, कारण आपल्या अंगात चरबी लवकर साठते.

शाळेच्या पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेवर चर्चा होईलच. हात वर करून आणखी दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: पीटीच्या तासात एक मूल घड्याळ लावून किती मिनिटं धावतं, आणि आठवीतल्या मुली तेव्हा कुठे असतात.